टेक अप : छंद लागतो की आपण घेतो?

वही-पेन नेहमीसारखं जवळ ठेवा, पण सुरुवातीची पाच-सात मिनिटं काही लिहू नका. नुसतं ऐका. कारण आजची फ्रेजल व्हर्ब मी कुठल्या पुस्तकातून आणलेली नाही. ती मला आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये सापडली, आणि खरं सांगायचं तर ती आधी माझ्या आईला सापडली.

आम्ही नोएडात राहतो, अकराव्या मजल्यावर. मागच्या वर्षी पावसाळ्यात बाबा गेले आणि सप्टेंबरात मी आईला सांगलीहून इकडे घेऊन आले. आई सत्तरीला टेकलेली. जन्म सगळा सांगलीत गेला. सकाळी उठून कृष्णेच्या घाटापर्यंत चालत जायचं, येताना गणपतीचं दर्शन, घरी आल्यावर शिवणाचं मशिन. तिच्या हातचे ब्लाऊज घालून निम्म्या गल्लीतल्या मुलींची लग्नं झाली. अशी बाई एकदम अकराव्या मजल्यावर. खाली बघितलं की चक्कर येते, समोर बघितलं की दुसरा टॉवर. माझा मुलगा आजीशी मराठी बोलतो, पण मित्र आले की हिंदीत जातो आणि भांडायला लागला की इंग्रजीत.

आईला इंग्रजी अगदीच येत नाही असं नाही. आजोबांनी तिच्याकडून तर्खडकरांची भाषांतर पाठमाला करून घेतली होती. तुमच्यापैकी जे साठीच्या पुढे आहेत त्यांना मी काय म्हणते ते कळलं असेल. त्या पाठमालेवर महाराष्ट्राच्या कितीतरी पिढ्या इंग्रजी शिकल्या. त्यामुळे आईला वाचलेलं कळतं, सावकाश बोललेलं कळतं, आणि प्रत्येक शब्दाचा अर्थ लावायची तिला सवय आहे. ही सवय लक्षात ठेवा, कारण पुढे तीच नडली.

ऑक्टोबरातली गोष्ट. आई खालून दूध घेऊन लिफ्टमध्ये शिरली. आत आमच्या वरच्या मजल्यावरच्या एक बाई होत्या, पायाशी भाजीच्या दोन पिशव्या ठेवलेल्या. बाई स्वभावाने चांगल्या. आईची चौकशी केली, दिवसभर काय करता विचारलं. आई म्हणाली, 'नथिंग.' त्यावर त्या म्हणाल्या, 'आंटी, यू शुड टेक समथिंग अप!'

आता तुम्हीच सांगा. लिफ्ट वर चाललीय. बोलणाऱ्या बाईच्या पायाशी दोन जड पिशव्या आहेत. आणि त्या म्हणतायत, तुम्ही काहीतरी वर घ्यायला हवं. टेक म्हणजे घे, समथिंग म्हणजे काहीतरी, अप म्हणजे वर. आईने लगेच वाकून त्यातली एक पिशवी उचलली. अकरावा मजला आला, दार उघडलं, आणि आई पिशवी घेऊन बाहेर. तिला वाटलं, बाई मागून येतील, नाहीतर मी जिन्याने वर नेऊन देईन. आतून त्या 'आंटी, माय बॅग!' म्हणून ओरडल्या. लिफ्टमध्ये कोपऱ्यात एक कॉलेजातला मुलगा उभा होता, तो फस्सकन हसला.

रात्री जेवताना आईने हे सांगितलं. आणि मंडळी, मीही हसले. इंग्रजी शिकवून पोट भरणारी मी, हसले. माझा नवरा हसला, मुलगा तर ताटावरून उठून हसला. आईने आमटीची वाटी पुढे ओढली आणि म्हणाली, 'मग काय म्हणायचं होतं तिला?' मी म्हटलं, 'अगं, एखादा छंद सुरू करा म्हणत होती.' आई म्हणाली, 'मग तसं म्हणायचं ना.'

त्यानंतर पंधरा दिवस आई लिफ्टने गेली नाही. गेली तर सामानाच्या लिफ्टने, दुपारी, कुणी नसताना. मला हे कळलं ते वॉचमनकडून. अकरा मजले एकदा ती जिन्यानेही चढली होती, गुडघ्यांचं दुखणं असताना. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की आपण कशाला हसलो होतो. म्हणून आजचा भाग.

आता वही उघडा.

पहिली गोष्ट, आई चुकली नव्हती. 'टेक समथिंग अप' याचा एक सरळ अर्थ काहीतरी वर नेणं असाच आहे. 'कॅन यू टेक धिस बॅग अप?' म्हणजे ही पिशवी वर न्याल का? चाललेल्या लिफ्टमध्ये, पिशव्यांच्या शेजारी, हाच अर्थ पहिल्यांदा मनात येणार. दुसरा अर्थ आहे तो असा: एखादी गोष्ट, विशेषतः छंद, खेळ, कला, नवी भाषा, नव्याने करायला लागणं आणि नेमाने करत राहणं. 'शी हॅज टेकन अप पेंटिंग.' तिने चित्रं काढायला सुरुवात केलीय. 'माय फादर-इन-लॉ टुक अप योगा आफ्टर रिटायरमेंट.' सासऱ्यांनी निवृत्तीनंतर योगासनं सुरू केली. इथे अपचा आणि वरच्या दिशेचा काही संबंध उरलेला नाही.

आपल्याकडे याला काही जण नावं ठेवतात. ही काय भाषा, म्हणे, शब्दांचा अर्थ एक आणि जोडीचा अर्थ दुसराच! त्यांना मी नेहमी विचारते, तुम्ही मुलाला 'दूध पिऊन टाक' म्हणता, तेव्हा त्याने काय टाकायचं असतं? प्यायल्यावर टाकायला दूध उरतं कुठे? 'तो भलतंच बोलून बसला' म्हणतो, तेव्हा तो उभाही असू शकतो. 'एवढं पत्र लिहून ठेव', 'जरा करून बघ', 'शिकून घे'. टाकणे, बसणे, ठेवणे, बघणे, घेणे ही सगळी क्रियापदं आपला मूळ अर्थ बाजूला ठेवून दुसऱ्या क्रियापदाच्या मदतीला येतात. पिऊन टाक मध्ये 'संपव एकदाचं' ही घाई आहे. बोलून बसला मध्ये पश्चात्ताप आहे. आपण हे आईच्या कडेवर शिकलो म्हणून आपल्याला त्यात अवघड वाटत नाही. इंग्रजीत हेच काम अप, ऑन, ऑफ, आउट हे छोटे शब्द करतात. परदेशी माणूस मराठी शिकायला आला की 'पिऊन टाक'पाशी तो असाच अडखळतो.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, आणि ती कुठल्याही गाइडमध्ये मिळणार नाही. मराठीत आपण छंदाबद्दल कसं बोलतो, जरा आठवा. मला गाण्याचा नाद लागला. त्याला पत्त्यांचं वेड लागलं. तिला वाचनाची गोडी लागली. मुलाला छंद जडला. या सगळ्या वाक्यांत माणूस नुसता उभा आहे, आणि नाद, वेड, गोडी, छंद हे बाहेरून येऊन त्याला चिकटतात. सर्दी लागावी तसे! लागण्याचं काम छंद करतो, माणसाच्या हातात काही नसतं. मला, त्याला, तिला.

इंग्रजीतलं टेक अप याच्या बरोबर उलटं आहे. तिथे वाक्याची सुरुवात माणसापासून होते. आय टुक अप सिंगिंग. मी घेतलं. मी ठरवलं. आवड असेल, नसेल, पुढे लागेल, पण सुरुवात मी केली. म्हणून मराठी माणूस इंग्रजी बोलताना इथे हटकून अडतो. वर्गात मी विचारते, 'मला बागकामाचा छंद लागला' हे इंग्रजीत सांगा, तर उत्तरं येतात 'हॉबी ऑफ गार्डनिंग केम टु मी', 'गार्डनिंग हॉबी हॅज अटॅच्ड मी'. चूक व्याकरणाची कमी आणि विचाराची जास्त असते. आपण वाट बघत बसलेलो असतो, छंद कधी येऊन लागतोय याची.

मग 'लागला' हे इंग्रजीत म्हणायचंच नाही का? म्हणायचं. त्याला दुसरी जोडी आहे, 'टेक टु'. एखादी गोष्ट भेटल्याबरोबर आवडायला लागणं. 'ही टुक टु स्विमिंग ॲट वन्स.' त्याला पोहणं लगेच आवडलं. आणि 'गेट इन्टु' म्हणजे हळूहळू गोडी लागत जाणं. 'आय गॉट इन्टु ओल्ड हिंदी साँग्ज.'

दोन खरी माणसं घेऊ, म्हणजे फरक डोक्यात बसेल.

सालिम अली. जन्म १८९६, मुंबई. लहानपणी त्यांनी एअरगनने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कुठली चिमणी म्हणून मामांना विचारलं, मामांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं, तिथले सचिव मिलर्ड यांनी नाव तर सांगितलंच, वर पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांचे खणच्या खण उघडून दाखवले. त्या दिवशी जे लागलं ते जन्मभर सुटलं नाही. त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक १९४१ मध्ये आलं आणि अजून लोक ते पिशवीत घालून हिंडतात. इथे 'ही टुक टु बर्ड्स अॅज अ बॉय' शोभतं. चिमणी लागली.

आता पु. ल. देशपांडे. पन्नाशीत आलेले, महाराष्ट्राने डोक्यावर घेतलेले, नव्याने काही सिद्ध करायची गरज नसलेले. त्या वयात हा माणूस बंगाली शिकायला शांतिनिकेतनात जाऊन राहिला. तिथल्या दिवसांवर पुढे 'वंगचित्रे' हे पुस्तक झालं. रवींद्रनाथांची ओढ आधीपासून होती, मान्य. पण सामान बांधून, विद्यार्थी होऊन जाणं हे लागणं नव्हे. 'ही टुक अप बेंगॉली अॅट अराउंड फिफ्टी.' इथे टेक अपच हवं.

मराठीत याच्या जवळ जाणारा शब्दप्रयोग आहे बरं का. 'हाती घेणे' आणि 'मनावर घेणे'. दोन्हींत घेणेच आहे! पण हाती आपण काम घेतो, मनावर अभ्यास घेतो. छंदाच्या बाबतीत आपण घेत नाही. का, ते तुम्हीच शोधा.

आता भराभर नियम. चारच आहेत.

एक. टेक अपनंतर नाम येतं किंवा आयएनजीवालं रूप येतं. टेक अप चेस. टेक अप रनिंग. 'टेक अप टु रन' होत नाही.

दोन. जोडी फोडता येते. 'टेक अप पेंटिंग' बरोबर, 'टेक पेंटिंग अप' पण बरोबर. मात्र इट, देम असं सर्वनाम आलं की ते मधेच बसलं पाहिजे. 'टेक इट अप'. 'टेक अप इट' म्हणालात तर ऐकणारा दचकेल. वहीत चौकट करून ठेवा.

तीन. एकदाच केलेल्या गोष्टीला टेक अप लावू नका. काल सोसायटीत एकदा बॅडमिंटन खेळलात तर 'आय प्लेड'. रोज संध्याकाळी रॅकेट घेऊन उतरायला लागलात तर 'आय हॅव टेकन अप'. नवीन वर्षात जिमची फी भरून दोनदाच गेलेल्यांसाठी काय वापरायचं असं मला एका दादांनी विचारलं होतं. त्यांच्यासाठी 'गेव्ह इट अप'.

चार, उच्चार. कागदावर टेक आणि अप वेगळे दिसतात. बोलताना क आणि अ चिकटतात: टेकप. टेक इट अप चं होतं टेकिटप. आणि जोर शेवटच्या अपवर. आपण मराठी माणसं दोन्ही शब्द सुटे सुटे, सारख्या वजनाने म्हणतो, आणि मग समोरच्याचं चिकटलेलं ऐकू आलं की गांगरतो.

टेक अपचे बाकीचे अर्थ सांगायलाच हवेत, कारण दिल्लीत राहणाऱ्याला ते रोज लागतात. सगळ्यात जास्त कानावर येतो तो सोसायटीच्या मीटिंगमधला: 'वी विल टेक धिस अप विथ द आरडब्ल्यूए.' हा विषय आम्ही कमिटीपुढे मांडू. म्हणजे पुढचे सहा महिने काही होणार नाही, हा अर्थ शब्दकोशात नाही, तो मी सांगते. मग जागा किंवा वेळ खाणं: 'धिस सोफा टेक्स अप हाफ द रूम', 'द कम्यूट टेक्स अप थ्री आवर्स'. गुरुग्रामला नोकरी आणि नोएडात घर असणाऱ्यांनी हे दुसरं वाक्य पाठ करायची गरज नाही, ते जगतात. कुणी काही देऊ केलं आणि आपण ते स्वीकारलं तर 'आय विल टेक यू अप ऑन दॅट'. आणि कपड्याची उंची कमी करणं, खालची दुमड वर घेऊन शिवणं, यालाही टेक अप. 'कॅन यू टेक अप धीज ट्राउझर्स?' हा अर्थ सांगितल्यावर आमची आई म्हणाली, 'हे मी चाळीस वर्षं करतेय, मला कुणी सांगितलं नाही मी इंग्रजी करतेय.'

हो, आईकडे परत येऊ. तिथेच राहिली होती ना ती, सामानाच्या लिफ्टमध्ये.

मी तिला वरचं सगळं समजावून सांगितलं. हसल्याबद्दल माफीही मागितली, पण आपल्या घरांत आईची माफी मागायला नीट शब्द नसतात, तेव्हा मी ती तिच्या आवडीचा शिरा करून मागितली. तिने शिरा खाल्ला. मग म्हणाली, 'ते ठीक आहे. पण बाई बरोबर म्हणत होती. मी काही केलं नाही तर या खिडकीत बसून मरेन.' हे तिने इतक्या साध्या आवाजात म्हटलं की मला उत्तर सुचलं नाही.

आता करायचं काय? घाटावर चालणं तिचं जीव की प्राण, पण तोवर नोव्हेंबर लागला. दिल्लीचा नोव्हेंबर ज्यांनी बघितलाय त्यांना माहीत आहे. सकाळी समोरचा टॉवर दिसत नाही, घसा खवखवतो, डॉक्टर म्हणतात वयस्कर माणसांनी पहाटे बाहेर पडायचं नाही. एकदा मी तिला नदी दाखवायला म्हणून कालिंदी कुंजला घेऊन गेले होते. यमुनेवर पांढरा फेस. साबणाचा, सांडपाण्याचा, कापसाच्या गाद्या पसराव्यात तसा. आई पुलाच्या कठड्याशी उभी राहिली आणि म्हणाली, 'ही नदी आहे? हिच्याकडे कुणी बघत नाही का?' परत येताना गाडीत ती काही बोलली नाही. वाटलं, मी तिला अजून एक दुःख दाखवून आणलं.

पण त्या दिवशी तिने फेसाच्या पलीकडे पाण्यात काळे ठिपके बघितले होते. आठवड्याने विचारते, 'ते कोण होते?' मला कुठे माहीत! मुलाने फोनवर शोधून सांगितलं, कूट. मी मराठी नाव शोधलं. मंडळी, या पक्ष्याला मराठीत वारकरी म्हणतात. अंग काळं, कपाळावर पांढरा टिळा, आणि थव्याने हिंडतात. आई इतकी खूश झाली की तिने सांगलीला मामीला फोन लावला. 'अगं, इथे दिल्लीत यमुनेत वारकरी आलेत.'

तिथून सुरू झालं. धुरामुळे बाहेर जाता येत नव्हतं तेव्हा गॅलरीतून. गॅलरीत घारी चिकार. दिल्लीवर घारींचं राज्य आहे, हे मला इतकी वर्षं राहून दिसलं नव्हतं. मग एक दुर्बीण आणली, फार महागाची नाही. जानेवारीत जरा वारा सुटला, हवा निवळली, तेव्हा आम्ही ओखला पक्षी अभयारण्यात गेलो. नोएडावाल्यांनो, तुमच्या घराजवळ आहे हो. बॉटॅनिकल गार्डनला मजेंटा लाइन पकडायची, पुढचंच स्टेशन, आणि स्टेशनचं नावच ओखला बर्ड सँक्चुअरी. आईला मेट्रोचं फार अप्रूप, त्यात या लाइनवर २०२० पासून ड्रायव्हरशिवाय गाड्या धावतात हे कळल्यावर ती पहिल्या डब्यात पुढच्या काचेशी जाऊन उभी राहिली आणि स्टेशन येईपर्यंत हलली नाही. हे अभयारण्य १९९० मध्ये जाहीर झालं, जेमतेम चार चौरस किलोमीटरचं, यमुनेला ओखल्याच्या बंधाऱ्यापाशी फुगवटा येऊन जे तळं झालंय त्याच्या काठाने. एका बाजूला विजेचे मनोरे, दुसऱ्या बाजूला टॉवर, आणि मधल्या पाण्यात मध्य आशियातून, सैबेरियातून आलेले पाहुणे. तीच नदी. मघाचीच.

मी आईला म्हटलं, रोज एक पक्षी आणि रोज एक इंग्रजी वाक्य. तिने वही घातली. डावीकडे मराठी नाव, उजवीकडे इंग्रजी, दोन्ही देवनागरीत. थापट्या, शॉव्हलर. जांभळी पाणकोंबडी, पर्पल स्वॉम्पहेन. पाणकावळा, कॉर्मोरंट. खंड्या, किंगफिशर. एक दिवस काठाशी बदकांची जोडी दिसली. अंगावर खवल्यांसारखी नक्षी, चोच काळी, चोचीच्या टोकाला पिवळं आणि बुडाशी लाल ठिपके. इंग्रजीत स्पॉट-बिल्ड डक. मी नाव वाचून दाखवलं, मराठीत हळदी-कुंकू बदक.

आई थोडा वेळ दुर्बिणीतून बघत राहिली. बाबा गेल्यापासून तिने संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला जाणं बंद केलं होतं. आमच्या सोसायटीतल्या मराठी बायकांनी जानेवारीत बोलावलं तेव्हाही ती गेली नाही, मीही आग्रह केला नाही, आणि केला असता तर बरं झालं असतं असं आता वाटतं. दुर्बीण खाली न करता ती म्हणाली, 'यांचं बरंय, जन्मतःच लावून येतात.' आणि वहीत दोन्ही नावं लिहिली. हळदी-कुंकू हा शब्द तिने नेहमीपेक्षा मोठ्या अक्षरात लिहिलाय, तो मी परवा बघितला.

फेब्रुवारीत ती आपण होऊन मोठ्या लिफ्टने जायला लागली. आता हे मी ऐकीव सांगतेय, कारण मी तिथे नव्हते, माझा मुलगा होता. त्याच बाई, तशाच भाजीच्या पिशव्या. बाईंनी हसून विचारलं, 'सो आंटी, व्हॉट आर यू डुइंग दीज डेज?' आईने गळ्यातली दुर्बीण दाखवली आणि म्हणाली, 'आय हॅव टेकन अप बर्डवॉचिंग.' मग वाकून एक पिशवी उचलली आणि म्हणाली, 'अँड नाऊ आय विल टेक धिस अप ऑल्सो.' बाई इतक्या हसल्या की बाराव्या मजल्यावर आईलाच चहाला घेऊन गेल्या. त्यांनाही पुढच्या रविवारी ओखल्याला यायचंय. 'कॅन आय टेक इट अप टू?' असं त्या म्हणाल्या म्हणे. इट मध्ये, बघितलंत?

मुलाने हे घरी येऊन सांगितलं तेव्हा मी पुन्हा हसले. आईने परवानगी दिली होती.

आता तुमचा गृहपाठ. तीन वाक्यं करायची. पहिलं, तुम्ही यापूर्वी सुरू केलेली आणि अजून चालू असलेली गोष्ट, हॅव टेकन अप वापरून. दुसरं, घरातल्या कुणीतरी सुरू करून सोडून दिलेली गोष्ट, टुक अप आणि गेव्ह अप दोन्ही एका वाक्यात. तिसरं, इट घालून, आणि इट कुठे बसतं ते तुम्हाला माहीत आहे. उत्तरं मोठ्याने म्हणा, टेकिटप असं चिकटवून. घरात कुणी सत्तरीचं असेल तर त्यांनाही म्हणायला लावा, आणि ते चुकले तर पहिल्यांदा बघा, ते खरंच चुकलेत का.

पुढच्या भागात गिव्ह अप, गिव्ह इन आणि गिव्ह अवे घेऊ. ते तीन एकत्र घ्यावे लागतात, नाहीतर गोंधळ होतो. चला, आईला आज सुलतानपूरला जायचंय, आणि गुरुग्रामच्या ट्रॅफिकमधून तिथे पोचायचं म्हणजे लवकर निघायला हवं. भेटू.